कॅम्पातला नाताळगोठा

रोज संध्याकाळी दोन तास मी एका अमेरिकन माणसाचा राग माझ्या तोंडाने बोलते. हे माझं काम आहे. ऐकून लोक हसतात, म्हणून आधीच नीट सांगून टाकते. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका ऑफिसात काचेची छोटी केबिन आहे, तिच्यात मी हेडफोन लावून बसते. तिकडे अमेरिकेत तेव्हा सकाळ असते आणि एक राजकीय शो लाइव्ह सुरू होतो. शोवाला जे बोलेल ते मी मागोमाग माइकमध्ये बोलायचं, सपाट आवाजात, कॉमा आणि फुलस्टॉपसकट. सॉफ्टवेअर माझा आवाज ओळखतं, त्याची अक्षरं करतं, आणि ती तिकडच्या कमी ऐकू येणाऱ्या लोकांच्या टीव्हीवर खाली उमटतात. तो ओरडला तरी मी ओरडायचं नाही. त्याने टेबलावर मूठ आपटली तर मी नुसतं "एक्स्क्लमेशन मार्क" म्हणायचं.

ऑफिसात आम्ही त्याला काका म्हणतो. प्रत्येक सोसायटीत एक काका असतात ना, मीटिंगमध्ये चहा यायच्या आधीच उठून विचारणारे, लिफ्ट का बंद आहे, कोणी सही केली, मला नाव सांगा! तसाच हा. तिकडच्या उजव्या पक्षाचा, देव, देश आणि कुटुंब यांवर श्रद्धा ठेवणारा. पण सरकार स्वतःच्या पक्षाचं असलं तरी सोडायचा नाही. सैन्याची गुपितं बाहेर फुटली, कुठल्या अधिकाऱ्याने निष्काळजीपणा केला, की काका खुर्चीतून अर्धा उठायचा. लोकांचा पैसा, लोकांची पोरं सीमेवर, मग लोकांना उत्तर कोण देणार?

खोटं कशाला बोलू, मला तो आवडायचा. शारजात अल नहदाच्या आमच्या बिल्डिंगमध्ये एसी बंद पडला तरी मी वॉचमनशी आधी सॉरी म्हणून बोलायला सुरुवात करते. परक्या मुलखात राहून राहून माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. आणि हा बाबा रोज जगातल्या सगळ्यात दांडग्या सरकारला दरडावून जाब विचारतो, तोही माझ्या तोंडून! शो संपवून बसमध्ये बसले की मी उगाच ताठ बसायचे. ट्रॅफिकमध्ये अडकले तरी चिडायचे नाही.

आता नवऱ्याचं सांगते. माझा नवरा अबुधाबीच्या बाजूला, वाळवंटातल्या एका अमेरिकन तळावर मेसमध्ये हेड कुक होता. तळाचं नाव तो घरातसुद्धा घ्यायचा नाही, नुसतं "कॅम्प" म्हणायचा. राहणं तिथेच कामगारांच्या अकोमोडेशनमध्ये, आठवड्याआड घरी. आत जायला गळ्यात पास लागायचा. तो पास गेला की नोकरी खलास, नोकरी गेली की व्हिसा, आणि माझा नि मुलीचा व्हिसा त्याच्याच व्हिसावर. त्या प्लास्टिकच्या तुकड्यावर आमचं अख्खं घर उभं होतं. सुट्टीला आला की तो पास दाराजवळच्या खिळ्याला लावायचा आणि मुलीला त्याला हातसुद्धा लावू द्यायचा नाही.

आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्या गावात नाताळचा गोठा करायचा तो आपल्या गावासारखा. बेथलेहेम कोणी पाहिलंय? आपली वाडी, आपली विहीर, केळीची बाग, चर्चचा घंटेचा मनोरा, आणि त्यात कुठेतरी मारिया, योसेफ आणि बाळ येशू. धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, स्पर्धा असते. परीक्षक गुडघ्यावर बसून बघतात, विहिरीचा रहाट फिरतो का, शेजाऱ्याच्या घराचं दार बरोबर बाजूला आहे का. जितकं हुबेहूब तितकं बक्षीस. माझा नवरा लहानपणापासून त्यात पटाईत. त्याच्या गोठ्यात गल्लीतली उघडी गटारंसुद्धा असायची.

तर या माणसाने गेल्या नाताळला कॅम्पात गोठा केला, आणि तो कॅम्पासारखा केला. दुसरं काय करणार? अंड्यांचे ट्रे, ॲल्युमिनियम फॉइल, कॉफी ढवळायच्या काड्या, आणि वाळू म्हणून खमंग भाजलेला रवा. गेट, गेटसमोरचे सिमेंटचे ठोकळे, टेहळणीचा मनोरा, विमानांच्या शेड, इंधनाची जागा, पाण्याच्या टाक्या, झोपायचे तंबू, सगळं जिथल्या तिथे. आणि मेसच्या मागे, भांडी घासायच्या जागेपाशी, फॉइलच्या पत्र्याखाली बाळ. मूर्ती माझ्या सासूबाईंच्या, वसईहून बॅगेत गुंडाळून आणलेल्या. बाळाच्या पायाचा अंगठा कधीतरी उडाला होता. सासूबाईंनी मेणाचा अंगठा करून त्याला लाल नेलपॉलिश लावलं होतं, कारण घरात दुसरा रंग नव्हता.

आमच्यात बाळ गव्हाणीत ठेवायचा मान घरातल्या वडीलधाऱ्याचा. नवऱ्याने तो मान तळावरच्या मोठ्या साहेबाला दिला. नाताळच्या मिस्सानंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर, साहेब मेसमध्ये आला, नवऱ्याने ट्रेमध्ये पांढरा नॅपकिन अंथरून बाळ पुढे केलं, साहेबाने वाकून ठेवलं. मग गोठ्याकडे बघत राहिला. "हे तर माझं ऑफिस!" म्हणून त्याने बोट दाखवलं आणि पोट धरून हसला. त्याचे डोळे भरून आले होते, असं नवरा सांगत होता. मेसमध्ये कामगारांना फोन नेता येत नाही, म्हणून साहेबाच्याच ऑफिसातल्या बाईने तिच्या कॅमेऱ्याने दोन फोटो काढले, एक नुसत्या गोठ्याचा आणि एक साहेब बाळ ठेवतानाचा, आणि दोन्ही नवऱ्याला मेल केले. त्याने ते मला पाठवले. गोठ्याचा फोटो गावच्या स्पर्धेला गेला, पहिला आला, आणि धर्मग्रामाच्या फेसबुक पानावर चढला. आम्ही केक आणला. मीही तो फोटो ऑफिसात सगळ्यांना दाखवत फिरले, किती हुबेहूब जमलाय बघा म्हणून.

जानेवारीत तीन राजांचा सण होऊन गेला आणि एका संध्याकाळी काकाने नेहमीच्या जोशात सुरुवात केली. "मित्रहो, हे बघा," तो म्हणाला, आणि "मित्रहो कॉमा हे बघा," असं मी म्हणत असतानाच समोरच्या स्क्रीनवर माझ्या नवऱ्याचा गोठा आला.

बाई गं! तोंडचं पाणी पळालं, आणि तोंड तर चालू ठेवायचं होतं. काका सांगत होता, हा आपल्या तळाचा नमुना आहे, परदेशी स्वयंपाक्याने केलेला, इंटरनेटवर जगासाठी उघडा. हा मनोरा, हे इंधन, इथे आपली मुलं झोपतात. शत्रूला आता हेर कशाला हवेत? मी प्रत्येक शब्द बोलले. स्वयंपाक्याने, कॉमा. शत्रूला, प्रश्नचिन्ह. एकही गाळता येत नाही, सुपरवायझर बाहेरून अक्षरं बघत असतो. काका "वाळूत बनवलेला" म्हणाला तेव्हा मला ओरडावंसं वाटलं, अरे मेल्या, तो रवा आहे!

शो संपल्यावर नवऱ्याला फोन लावला तर बंद. बसमध्ये मला बसवेना. उभी राहिले तर शेजारची फिलिपिनो बाई मला जागा देऊ लागली. घरी येऊन हॉलमधून किचनमध्ये, किचनमधून हॉलमध्ये.

"मम्मा, यू आर वॉकिंग इन सर्कल्स," मुलगी सोफ्यावरून म्हणाली.

"तुझा अभ्यास कर."

"इज इट अबाउट पप्पाज क्रिब? इट्स ऑल ओव्हर द प्लेस."

म्हणजे गोठ्याचं तिला माझ्या आधीच कळलं होतं. सातवीतली पोर! मी तिच्या शेजारी बसले आणि लगेच उठले.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज भलताच शांत होता. पास काढून घेतला होता, चौकशीपुरता. त्याला अकोमोडेशनमध्येच थांबायला सांगितलं होतं.

"साहेब काय म्हणाला?" मी विचारलं.

"भेटला नाही. पण तो सांगेल गं. त्याला सगळं माहीत आहे. त्याच्यासमोरच झालं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"सांगेल. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला म्हणे! तुझ्याकडे तो दुसरा फोटो आहे ना? साहेब बाळ ठेवतानाचा? तो दे त्यांना. साहेबाने बघितलं, हसला, त्याच्या ऑफिसने फोटो काढून पाठवला. मग तुझा एकट्याचा गुन्हा कसा?"

तो म्हणाला, "मी त्याला मान दिला. घरचा मोठा म्हणून बोलावला. आता तोच फोटो त्याच्या गळ्यात बांधू?"

"आणि तुझा गळा?"

"तू कोणाला पाठवायचा नाहीस," तो म्हणाला. "शपथ आहे."

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. भात करपला, दुधाचं पातेलं उतू गेलं, मुलीच्या डब्यात मी सलग दोनदा जॅम ब्रेड दिला. दाराजवळच्या रिकाम्या खिळ्याकडे न बघता मी चपला घालायचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काकाचं म्हणणं मला पटत होतं. तिथे झोपणारी ती मुलं कोणाची तरी मुलं होती. माझा नवराही त्याच कुंपणाच्या आत झोपत होता. मी तो फोटो ऑफिसभर मिरवला तेव्हा माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं. आम्हाला गोठा दिसला, त्यांना नकाशा दिसला, आणि दोन्ही तिथे होतंच.

पण दुसऱ्या संध्याकाळी काका म्हणाला, "मला स्वयंपाकी नको. त्या बिचाऱ्याला कोणीतरी परवानगी दिली. मला तो हवाय. मोठ्या खुर्चीतला. नाव सांगा!" अस्सं! मी ते इतक्या जोरात बोलले की सुपरवायझरने काचेवर टकटक केली. सपाट, सपाट, त्याने हाताने खूण केली. मी मान डोलावली आणि पुढचं वाक्यही तसंच बोलले. काकाच्या पक्षाच्या एका सिनेटरने चौकशी मागितली. सैन्याने कळवलं की तपास चालू आहे. काका म्हणाला, तपास म्हणजे झाकपाक, आम्ही गप्प बसणार नाही. मला त्याला उचलून पापा घ्यावासा वाटला. जगात माझ्या नवऱ्याच्या बाजूने बोलणारा तेवढा एकच माणूस होता, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं.

प्रत्येक शोच्या शेवटी काका एक पत्ता सांगायचा. तळावर काय झालं हे कोणाला माहीत असेल तर या पत्त्यावर पाठवा, नाव गुप्त ठेवू. तो ईमेल पत्ता मी रोज अक्षर अक्षर म्हणायचे, डॉट आणि ॲटसकट. फोटो माझ्या फोनमध्ये, फोन पर्समध्ये, पर्स बाहेर लॉकरमध्ये. घरी जाताना मी फोटो उघडायचे, पत्ता टाइप करायचे, आणि पुसायचे. पाठवला तर माझी नोकरी जाणार होती, कारण आम्ही ज्यांचे शब्द बोलतो त्यांच्याशी संपर्क करायचा नाही, असा नियम आहे. पण मला अडवलं ते नोकरीने नाही. नवऱ्याने शपथ घातली होती, आणि आमच्या लग्नाला इतकी वर्षं होऊन त्याने मला दुसरी कुठलीच शपथ घातली नव्हती.

"साहेबाने सांगितलं का काही?" मी त्याला फोनवर रोज विचारायचे.

"बिझी असेल गं."

"बिझी! तू तिथे खोलीत कुजतोयस आणि तो बिझी!"

"ओरडू नको. भिंती पातळ आहेत."

मी फोन ठेवून बाथरूममध्ये जायचे, नळ सोडायचे आणि साहेबाला अस्सल वसईच्या शिव्या घालायचे. त्याने पोट काही भरायचं नाही, पण झोप लागायची.

मग गुरुवार आला. काका त्या दिवशी खुर्चीत शांत बसला होता, हात जोडून. तो म्हणाला, "आज मला एक फोटो मिळालाय. त्या अधिकाऱ्याच्या पत्नीने स्वतः नेटवर सगळ्यांसाठी टाकलाय." आणि स्क्रीनवर तोच फोटो आला, जो मी रोज उघडून मिटत होते. साहेब वाकून बाळ ठेवतोय. फक्त त्यांनी तो कापला होता. माझा नवरा त्यात नव्हता. डाव्या कडेला एक ट्रे होता, पांढरा नॅपकिन होता, आणि ट्रे धरलेला एक हात, मनगटावर ओव्हनच्या चटक्याचा जुना डाग.

मला वाटलं, झालं, सुटलो. आता काका विचारणार, साहेब, तुम्ही तर तिथेच होतात! मी माइकजवळ सरकले.

काकाचा आवाज कापायला लागला. तो म्हणाला, आणि मागोमाग मी, "आपल्या देशात शाळांमधून नाताळ हद्दपार करतात, कॉमा, आणि हा शूर माणूस, कॉमा, घरापासून इतक्या दूर, कॉमा, वाळवंटात, कॉमा, आपल्या तारणाऱ्याला स्वतःच्या हाताने गव्हाणीत ठेवतो, फुलस्टॉप. याला आपण दोषी ठरवणार होतो, प्रश्नचिन्ह. मी या माणसाची माफी मागतो, फुलस्टॉप." त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. नाटक नव्हतं ते, मी त्याला रोज ऐकते, मला कळतं. पुढे दुसरा फोटो आला. साहेबाचं टेबल, छोटा झेंडा, बायको-मुलांची फ्रेम, आणि फ्रेमला टेकवलेलं बाळ. लाल अंगठ्याचं. "त्या नाताळची आठवण म्हणून ते बाळ आजही त्यांच्या टेबलावर आहे, फुलस्टॉप," मी म्हणाले.

मग काकाच्या हातात कोणीतरी कागद दिला. तो वाचू लागला आणि मी त्याच्या मागून. "सैन्याने आत्ताच कळवलंय, कॉमा, सुरक्षेतल्या या चुकीला जबाबदार असलेल्या व्यक्तीला तळावरून कायमचं काढून टाकण्यात आलं आहे, फुलस्टॉप. मित्रहो, कॉमा, आपण जाब विचारला आणि उत्तर मिळालं, फुलस्टॉप. असं चालतं लोकांचं राज्य, एक्स्क्लमेशन मार्क."

आणि लगेच गुडघेदुखीच्या गोळ्यांची जाहिरात लागली. तीही मी बोलले. जिने चढताना त्रास होतो का, प्रश्नचिन्ह. मला माझा स्वतःचा आवाज हेडफोनच्या बाहेरून ऐकू येत होता, अगदी सपाट, सुपरवायझरला आवडतो तसा. आवाज जरासुद्धा हलला नाही, याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा घरी आला. एक बॅग आणि अंड्यांच्या क्रेटचा एक खोका. कंपनीने व्हिसा कॅन्सलला टाकला होता. साहेब शेवटपर्यंत भेटला नाही. गेटवरच्या सैनिकाने मात्र हात मिळवला आणि तुझा लझानिया मिस करू म्हणाला, हे त्याने मला दोनदा सांगितलं. चहा झाला. तो खिळ्याखाली उभा राहून बूट काढत होता आणि सवयीने त्याचा हात गळ्याकडे गेला, पास काढायला. मी तोंड फिरवलं.

मग त्याने खोका टेबलावर ठेवून मूर्ती काढल्या. प्रत्येक मूर्ती मेसच्या फॉइलमध्ये गुंडाळली होती. मारिया. योसेफ. तीन राजे, त्यातला एक मान चिकटवलेला. गाय, मेंढ्या. त्याने सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि खोका उलटा करून झटकला. थोडा रवा पडला.

"वेअर इज द बेबी?" मुलीने विचारलं.

"पडलं असेल गं गडबडीत," तो म्हणाला. "सिक्युरिटीवाल्यांनी गोठा मोडला ना, सगळं एका ढिगात टाकलं. मी विचारून बघितलं. त्यांनी मला ढिगात शोधू पण दिलं. सगळा रवा हाताने चाळला. आईला काय सांगू आता?"

काकाचा तो भाग त्याने पाहिला नव्हता. अकोमोडेशनमध्ये त्या दिवशी नेट नव्हतं. मी गप्प बसू शकले असते, पण माझ्या पोटात काही राहत नाही, आणि ते वाक्य तर आदल्या संध्याकाळी माझ्याच तोंडून अख्ख्या अमेरिकेला सांगून झालं होतं.

"पडलं नाही," मी म्हणाले. "साहेबाच्या टेबलावर आहे. मी बघितलं टीव्हीवर. त्याने ठेवून घेतलंय."

मला वाटलं, आता तरी हा भडकेल. एखादी शिवी देईल, खोका लाथाडेल, मला म्हणेल, काढ तो फोटो आणि पाठव सगळ्या जगाला. मी फोन हातात घेऊनच उभी होते. त्याने योसेफला उचललं, त्याच्या पायाला चिकटलेला रवा अंगठ्याने पुसला आणि परत ओळीत ठेवलं.

"बाळ नीट ठेवलंय ना त्याने?" त्याने विचारलं.